गाडी आडवी जाते, पण...

पॅरलल पार्किंग या विषयात माझी आजन्म एटीकेटी आहे. नारायण पेठेतली एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणा. पी वन, पी टूच्या पाट्या वाचून, आज तारीख सम की विषम याचा हिशेब करून, तुम्हाला चक्क दोन गाड्यांच्या मधली एक जागा सापडलीये. तुम्ही रिव्हर्स टाकता. मागून स्कूटरवाला हॉर्न देतो. टपरीवरचे काका आपणहून पुढे येऊन ‘येऊ द्या, येऊ द्या’ सुरू करतात. (त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. पुण्यात हे काम मानद असतं.) तिसऱ्या प्रयत्नानंतर मागचं चाक फुटपाथला टेकलेलं आणि गाडीचं तोंड रस्त्यात, अशा अवस्थेत मनात एकच विचार येतो. देवा, ही गाडी नुसती चार फूट आडवी सरकली असती तर!

आता तुम्ही म्हणाल, आडवी सरकणारी गाडी आहे की! आहे. मीही बघितलीये. २०१६ मध्ये त्या व्हिडिओने नुसता धुमाकूळ घातला होता. कॅनडातल्या विल्यम लिडिआर्ड नावाच्या संशोधकाने एका छोट्या टोयोटाला स्वतः बनवलेली चार चाकं लावली होती. गाडी पुढे गेली, मागे आली, जागच्या जागी गोल फिरली आणि मग तोंड समोर तसंच ठेवून खेकड्यासारखी बाजूला सरकली. चाकं वळलीच नाहीत!

युक्ती अशी. मनगटात रबरी बँड असेल तर तो तळहाताने दाबून कोपराकडे सरकवून बघा. तो घसरत नाही, स्वतःभोवतीच उलटत उलटत वर जातो. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. या चाकाचा टायर तसाच आहे. पुढे जायचं असेल तेव्हा नेहमीसारखं अख्खं चाक फिरतं. आडवं जायचं असेल तेव्हा आतले रोलर टायरला त्या बँडसारखं उलटवत नेतात. दावा असा होता की ही चाकं कुठल्याही गाडीला बसवता येतील.

मी तेव्हा एफवायला होते. लायसन्सही नव्हतं. तरीही कॉलेजच्या भित्तिपत्रकात ‘पार्किंगचा प्रॉब्लेम खल्लास!’ असं हेडिंग देऊन मी त्यावर चारशे शब्द ठोकले. ही माझी आयुष्यातली पहिली टेक्नॉलॉजी स्टोरी. त्यासाठी मी किती लोकांशी बोलले असेन? शून्य.

व्हिडिओ विसरला गेला. त्या चाकांची गाडी काही शोरूममध्ये आली नाही. मी मास कॉम केलं, दोन ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि फ्रीलान्स झाले. मग २०२४ च्या जूनमध्ये आमच्या दादाचा फोन आला. ‘चहाला ये. काहीतरी दाखवायचंय.’

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणमधल्या एका व्हेंडर कंपनीत नऊ वर्षं. टिळक रोडच्या अमृततुल्यात त्याने लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर एक झकास अ‍ॅनिमेशन सुरू झालं. लाल हॅचबॅक, निळं आकाश, रिकामा रस्ता (इथेच कळायला हवं होतं की हे पुणे नाही) आणि गाडी आडवी सर्रकन जागेत. दादाचं स्वतःचं डिझाइन. चार चाकांचा किट, कुठल्याही छोट्या गाडीला लागेल असा. पीएफचे पैसे होते, वहिनीच्या नावावर एफडी होती. ऑगस्टमध्ये राजीनामा द्यायचा असं त्याने ठरवलं होतं.

माझ्याकडून त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, दणदणीत लेख. ‘तुझ्या त्या जुन्या लेखासारखा. लोक पैसे घेऊन दारात येतील.’ आणि दोन, ‘अप्पांना तू सांग. तुझं ऐकतात ते.’

अप्पा म्हणजे माझे मामा. त्यांचं कराडजवळ हायवेला टायरचं दुकान आहे. पस्तीस वर्षं त्यांनी टायर सोडून दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही.

मी काय म्हणाले असेन? ‘भारी आहे रे! क्रेझी!’

हे मी का म्हणाले याचा नंतर मी बराच विचार केला. एक तर दादाचा चेहरा. नऊ वर्षं ब्रॅकेट बनवणारा माणूस इतका खूश असताना ‘पण’ म्हणवत नाही. दुसरं, आपल्या वयाच्या लोकांमध्ये शंका काढणं म्हणजे ‘निगेटिव्ह’ असणं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकाने आयडिया टाकली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत तुम्हालाही माहीत आहे. आणि तिसरं, खरं सांगायचं तर ‘वॉव’ स्टोरीला पानं मिळतात. ‘हे बहुतेक जमणार नाही’ या स्टोरीला कोण विचारतं?

लेख लिहायचा म्हणून मी घरी येऊन वाचायला बसले. आणि गंमत म्हणजे, आडवी सरकणारी गाडी अजिबात नवीन नाही! कॅलिफोर्नियाचे ब्रूक्स वॉकर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅकार्ड गाडीच्या डिकीत एक पाचवं चाक बसवून दाखवलं होतं. ते खाली उतरायचं, गाडीची मागची बाजू उचलायचं आणि आडवं फिरून तिला जागेत ढकलायचं. लोकांनी फोटो काढले, तोंडात बोटं घातली, पण कुठल्याच कंपनीने ते गाडीबरोबर विकलं नाही. १९७० च्या दशकात स्वीडनच्या मेकॅनम कंपनीतले इंजिनिअर बेंग्ट इलॉन यांनी चाकाच्या कडेवर पंचेचाळीस अंशांत तिरके रोलर बसवले. हे चाक मात्र टिकलं. आजही कारखान्यांत अवजड माल हलवणाऱ्या गाड्यांना आणि रोबोंना मेकॅनम चाकं असतात. पण कुठे? गुळगुळीत फरशीवर, चालण्याच्या वेगाने. मग २०१६ मध्येच जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये गुडइयरने तर चेंडूसारखा गोल टायर मांडला. तो चुंबकावर तरंगणार होता. तोही कन्सेप्टच राहिला.

म्हणजे अडचण कल्पनेची नव्हतीच. ती पहिल्यापासून होती आणि दर वेळी टाळ्या घेत होती. अडत होतं ते दुसरीकडेच.

मी टेप घेऊन पार्किंगमध्ये गेले आणि आमच्या गाडीचा टायर मोजला. बाहेरून साधारण ६० सेंटिमीटर. म्हणजे बाहेरचा घेर १८८. दादाच्या चाकात आत रोलर, मोटर, ब्रेक सगळं मावायचं तर आतलं भोक ४० चं तरी हवं. त्याचा घेर १२६. टायर उलटत जाणार, म्हणजे आता आत असलेलं रबर थोड्या वेळाने बाहेर येणार. १२६ चं १८८ होणार, दीडपट ताणलं जाणार आणि पुन्हा आक्रसणार. रबर ताणेल हो! पण आपला रेडियल टायर म्हणजे नुसतं रबर नाही. नक्षीच्या खाली स्टीलच्या तारांचे पट्टे असतात आणि ते मुद्दाम न ताणणारे असतात. त्यांच्यामुळे टायर वेगात फुगत नाही, रस्त्याला सपाट टेकून राहतो. १९४६ मध्ये मिशेलिनने रेडियलचं पेटंट घेतलं तेव्हापासून सगळी मेहनत टायर ताणला जाऊ नये यासाठी आहे. दादाच्या टायरला दर फेरीत दीडपट व्हायचं होतं. तारा काढल्या तर तो ताणेल. मग मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर, शंभरच्या वेगात त्याचं काय होईल?

हे सगळं मी वहीत लिहिलं आणि वही मिटून ठेवली. दादाला फोन केला नाही. म्हटलं, तो इंजिनिअर आहे, त्याने विचार केलाच असेल.

जुलैत एका रविवारी आम्ही दोघं कराडला निघालो. धो धो पाऊस. खंबाटकी घाटात पुढे ऊस नेऊन परतणारा रिकामा ट्रॅक्टर, त्यामागे आम्ही. वळणावर मी सीटमध्ये बाहेरच्या बाजूला कलले आणि आतलं काहीतरी सुटलंच.

‘दादा, आत्ता आपली गाडी बाहेर का नाही गेली?’

‘ग्रिप.’

‘कुठल्या दिशेची?’

तो काही बोलला नाही. मी वहीतला दुसरा हिशेब काढला. साठ मीटर त्रिज्येचं वळण ताशी पन्नासने घेतलं तर गाडीच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश रेटा आडवा लागतो. माणसांसकट बाराशे किलो धरले तर चारशे किलो. हा रेटा चार तळव्यांएवढं रबर पेलतं, कारण गाडी टेकलेली असते ती प्रत्येक चाकाखाली जेमतेम हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर. दिवसातून दोनदा, दहा-दहा सेकंद आपल्याला गाडी आडवी जायला हवी असते. उरलेला सगळा वेळ ती आडवी जाऊ नये, हेच तर चाकाचं काम.

‘लॉक आहे त्याला,’ दादा म्हणाला. ‘वर्म गिअर लावलाय. बाहेरून कितीही ढकललं तरी उलटा फिरत नाही.’

‘बरं. गिअर अडकून राहील. गिअर आणि टायरच्या मध्ये काय आहे?’

‘रोलर.’

‘आणि रोलर न् टायरच्या मध्ये?’

वायपर दोनदा इकडून तिकडे गेला. ‘घर्षण,’ तो म्हणाला.

बाहेर रस्त्यावरून लाल पाणी वाहत होतं. आम्ही दोघांनीही त्याकडे बघितलं आणि विषय वाढवला नाही.

दुकानात मामा ट्रकच्या टायरला आतून पॅच मारत होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला. दादाने मोबाइलवर आधी तो कॅनडाचा व्हिडिओ दाखवला, मग स्वतःचं अ‍ॅनिमेशन. मला वाटलं, मामा आता हसतील किंवा भडकतील. मामा म्हणाले, ‘परत लाव.’ तीनदा बघितलं. मग म्हणाले, ‘डोकं आहे गड्याचं.’

दादाचा चेहरा उजळला.

‘ह्यात हवा कुठनं भरायची?’

‘व्हॉल्व्ह आहे अप्पा. आतल्या बाजूला.’

‘आन् आडवा फिरला की? आतलं भाईर येतंय न्हवं? मग व्हॉल्व्ह बी यील की भाईर. जमिनीखाली गावंल.’

दादा म्हणाला, हवा न भरता भरीव रबर वापरता येईल. मामांनी नुसती मान हलवली. कोपऱ्यातून एक टायर ओढून आणला. कुणाच्या तरी गाडीचा, खड्ड्यात आपटलेला, एका बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला. त्यांनी त्याच्या तळावर थाप मारली. ‘हितं जाड. झिजायला पायजे म्हणून.’ मग बाजूवर अंगठा दाबला. ‘हितं पातळ. वाकायला पायजे म्हणून. तुझ्या टायरला तळ कुठला आन् बाजू कुठली?’

एवढं वाचन करून हा प्रश्न मला सुचला नव्हता. उलटत जाणाऱ्या टायरचा प्रत्येक भाग कधी ना कधी तळ होणार आणि कधी ना कधी बाजू. जाड ठेवला तर वाकणार नाही, खड्डे थेट कमरेत. पातळ ठेवला तर झिजून जाईल. मामांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं अंगठा दाबून त्यांना ते ठाऊक होतं.

‘आन् खिळा लागला,’ मामा म्हणाले, ‘आन् रातच्याला अकराला माझ्या दारात आली ही गाडी, तर मी हात कुठनं घालू?’

इथे दादा तापला. तुम्ही सगळे असेच. नवीन काही आलं की आधी नाही म्हणायचं. जॉन डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर काढला तेव्हा लोकांना तो वेडपटपणा वाटला. १८८९ मध्ये बेलफास्टला सायकलच्या शर्यतीत ते जाडजूड टायर बघून पब्लिक खदाखदा हसलं आणि तोच सायकलवाला जिंकला. ‘तेव्हाही लोक हसलेच होते अप्पा!’

‘हसतंय कोण हितं?’ मामा म्हणाले.

खरंच कुणी हसत नव्हतं. मामीने जेवायला हाक मारली म्हणून बरं.

दादाचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातून जाईना, कारण तो खोटा नाही. शंका घेणारे चुकतात, आणि चुकले की इतिहासात त्यांचंच हसं होतं. पण डनलॉपच्या टायरचा निकाल काही महिन्यांत, मैदानावर, सगळ्यांसमोर लागला. त्याने शर्यत धावून दाखवली. आडव्या चाकाने इतक्या वर्षांत काय दाखवलं? रिकामी जागा, कमी वेग, कोरडी जमीन. कुणी पावसात घाट उतरून दाखवला नाही. मिशेलिनसारख्या कंपनीने २००५ मध्ये बिनहवेचा ‘ट्वील’ दाखवला, तोसुद्धा आधी विकायला आला तो बांधकामावरचे लोडर आणि गवत कापायची यंत्रं यांच्यासाठी. जिथे वेग कमी असतो तिथे. इतका पैसा आणि इतक्या लॅब हाताशी असून! इथे आमचा दादा पीएफ मोडून थेट फॅमिली कारला हात घालणार होता.

परतताना त्याने गाणी लावली नाहीत. शिरवळच्या पुढे आल्यावर म्हणाला, ‘तू हे सगळं आधीच काढून ठेवलं होतंस ना?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘महिना झाला.’

‘मग त्या दिवशी भारी का म्हणालीस? नंतर तरी सांगायचं. मी वहिनीला सांगितलं की तूसुद्धा म्हणालीस जमेल म्हणून. तिने एफडीचे कागद काढून ठेवलेत.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खूप बोलले, ते काही आता आठवत नाही. मामांनी पहिल्या तीन मिनिटांत जे विचारलं ते विचारायला मला पाच आठवडे आणि एक घाट लागला होता. आणि मी म्हणे पत्रकार.

लेख मी लिहिला नाही. दादा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही.

ऑगस्टमध्ये त्याने राजीनामा दिला नाही, हे मला वहिनीकडून कळलं. माझ्यामुळे की मामांमुळे की होम लोनमुळे, देव जाणे. भाऊबीजेला आला तेव्हा ओवाळणीच्या पाकिटाबरोबर एक घडी केलेला कागद दिला. त्यावर चौदा प्रश्न होते. माझे, मामांचे आणि बरेचसे त्याचे स्वतःचेच. ब्रेक लावल्यावर चाक थांबेल, पण टायर रोलरवरून घसरला तर? एका चाकाचं वजन किती वाढेल आणि स्पीडब्रेकरवर त्याचा दणका कुठे बसेल? चिखल आत गेला तर बाहेर कुठून येईल? मूळ कंपनीने न दिलेली चाकं लावलेली गाडी आरटीओ पास करेल का? पाच प्रश्नांपुढे उत्तरं होती, नऊ कोरे होते.

‘ह्युंदाईवाल्यांचं बघितलंस?’ फराळ करता करता त्याने विचारलं. बघितलं होतं. ह्युंदाई मोबिसने २०२३ मध्ये आयोनिक ५ गाडीची चारही चाकं नव्वद अंशांत वळवून ती आडवी चालवून दाखवली. प्रत्येक चाकाची मोटर वेगळी, स्टिअरिंग वेगळं.

‘म्हणजे आडवी जाते की नाही गाडी?’

‘जाते. पण त्यांनी टायरला हात लावला नाही. अख्खं चाक वळवलं. टायर आपला तुझ्या-माझ्या गाडीचाच.’

‘म्हणजे गाडी सुरुवातीपासून नवीन बनवावी लागते. किट नाही होणार.’

‘नाही होणार.’

त्याने चकली मोडली. ‘ते पंधरावा प्रश्न म्हणून लिही,’ म्हणाला. मी कागदाच्या खाली लिहिला.

आता तो शनिवारी-रविवारी एक ढकलगाडी बनवतोय. चार छोटी मेकॅनम चाकं आणि वर लोखंडी चौकट. मामांच्या दुकानातले ट्रकचे टायर त्या अरुंद मागच्या खोलीतून बाहेर काढायला. फरशी आहे, वेग नाही, पाऊस नाही. पहिल्यांदा चालवली तेव्हा ती पुढे न जाता सरळ मामांच्या पायावर गेली, असं मामी सांगत होती. त्या लाल हॅचबॅकचं फोल्डर त्याने अजून डिलीट केलेलं नाही. मी विचारत नाही. खरं तर विचारते, आणि तो चिडत नाही.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. मी नेमकी पेठेत रिव्हर्स टाकून तिरकी अडकलेली, मागे रिक्षा, पुढे काका ‘येऊ द्या, येऊ द्या’. म्हटलं, मामा, नंतर करते. म्हणाले, एकच मिनिट.

‘दादाला इचार, हवेचं काय झालं. मला रातच्याला सुचलंय काय तरी. व्हॉल्व्ह दोन ठेवायचे.’